कच्च्या टाक्याचा दात

आर्णीत ब्लाउज शिवून घ्यायचा असला की बाया नुजहतकडं जात आणि गप्पा मारायच्या असल्या की दुसरीकडं. नुजहतचा हात असा, की बाही खांद्यावर बसली म्हणजे बसली. काखेत चुणी नाही की पाठीवर ओढ नाही. पण बाई बोलत नसे. माप घेताना तिच्या ओठांत टाचण्या, कापताना टाचण्या, मशीनवर बसली तरी टाचण्या. कापडाला दोन पुरल्या असत्या, तोंडात मूठभर. गिऱ्हाईक बाई सासूची, सुनेची, पोराच्या पास-नापासची अख्खी कहाणी सांगून मोकळी व्हायची आणि नुजहत म्हणायची, "हूं." फारच झालं तर, "हूं हूं." नवीन बाया बाहेर पडता पडता बोलून जात, "लय घमंडी हाय व माय ही टेलरनी. हासाले काय पैसे पडतात का?"

पैशाचा सवाल नव्हता. सवाल दातांचा होता.

नुजहतचं माहेर झरीकडचं, रानाला चिकटलेलं खेडं. गावाला पाणी एकच, शाळेपुढच्या बोरिंगचं, म्हणजे हातपंपाचं. पाणी थंडगार, चवीला गोड. पण जमिनीतून त्यात असं काही उतरलेलं, की ते पिऊन वाढलेल्या पोरांचे दुधाचे दात पडून नवे आले की पिवळेच येत, आणि मग त्यांच्यावर तपकिरी पट्टे चढत, चहाच्या कपाला आतून बसतात तसे. पुढं कोणी साहेब येऊन त्या बोरिंगला लाल रंग मारून गेला, हे पाणी पिऊ नका म्हणून. पण तोवर नुजहतचे दात येऊन बसले होते.

वरून तिचा पुढचा एक दात त्याच बोरिंगच्या दांड्यानं मारला. हंडा भरता भरता मैत्रिणीशी बोलायला वाकली आणि दांडा उसळून तोंडावर आला. दात तुटला नाही, पडला नाही. आतल्या आत मेला आणि वर्षभरात काळा पडला. म्हणजे कापड रंगवलं ते बोरिंगनं आणि त्यावर काळं ठिगळ मारलं तेही बोरिंगनंच.

माहेरी होती तोवर त्याचं कोणाला काही नव्हतं. सगळ्यांचेच दात तसे. लग्न होऊन आर्णीला आली तेव्हा वलीम्याच्या जेवणात कोणीतरी बाई दुसरीच्या कानात बोलली, "दुल्हन तंबाखू खाती क्या गे?" आणि त्या दिवसापासून नुजहतचं तोंड मिटलं. आधी ओढणीचं टोक तोंडाशी असायचं. मशीन घेतल्यावर टाचण्या आल्या.

एकटी असली की मात्र तिचं वेगळंच चालायचं. नवरा जलाल गॅरेजात, सासू जुबैदा अंगणात, आणि नुजहत मशीनला शिकवत बसायची. "पाह्य, कापडाचा उभा धागा कोन्ता, आडवा कोन्ता, थे आधी पाह्य. कैची मंग. घाई करशीन तं बाही पिळा खाईन." ती स्वतः कोणाकडं शिकली नव्हती. जुने ब्लाउज उसवून, तुकडे पसरून, पुन्हा जोडून शिकली होती. किती कापड वाया गेलं आणि किती रडली, ते तिलाच माहीत. जे आपल्याला सांगायला कोणी नव्हतं ते आपण कोणाला तरी सांगावं, ही तिच्या मनातली मोठी भूक. जुबैदा अंगणातून ओरडायची, "किस से बात करती गे?"

"मशीन से, अम्मी."

"मशीन जवाब देने लगी तो मेरे को बुला."

बेबीताई पलीकडच्या वस्तीतली, बचत गटाची अध्यक्ष. पायात काटा रुतला तर आधी काट्याला शिव्या देऊन मग तो उपटणारी बाई. विहाराशेजारच्या समाजमंदिरात पोरींसाठी शिलाईचा वर्ग काढायचं तिनं ठरवलं होतं, आणि शिकवायला नुजहतच पाहिजे हेही तिनंच ठरवलं होतं. दोनदा विचारून झालं. दोन्ही वेळा टाचण्यांच्या फटीतून उत्तर आलं, "नाई जमनार." तिसऱ्यांदा बेबीताई आली, स्टूल ओढून बसली आणि तळहात पुढं केला.

"काढ."

"हूं?"

"टाचन्या काढ तोंडातल्या. गिळशीन एखांद्या दिवशी."

नुजहतनं टाचण्या काढून तिच्या हातावर ठेवल्या.

"आता सांग. वर्ग घेनं जमत नाई, का तोंड उघडनं जमत नाई?"

इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. लोक बघत आणि नजर फिरवत. नुजहतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी ती बोलली, "ताई, एवढ्या पोट्ट्या माह्या तोंडाकडं पाहून राह्यतीन. म्या बाहीचं सांगीन अन् थ्या दात पाह्यतीन."

"मंग दात कर ना व! माही भाची जया यवतमाळले दाताचीच डॉक्टर हाय. दुनियेचे करते, तुहे काहून नाई करनार? अन् पाह्य, येत्या महिन्याच्या पयल्या सोमवारी वर्ग सुरू. तू नाई म्हनशीन तं पुसदचा एक मास्तर हाय, थ्याले सांगावा धाडनं पडन. थो पोट्ट्याइकून नुसते कागदावरचे खाके पाठ करून घेते. कैची हातात देतच नाई."

दात करायचे की नाही ते नंतर. पण पोरींच्या हातात कैची न देणारा मास्तर आपल्या जागेवर उभा राहील, हे नुजहतच्या गळ्याखाली उतरेना. जेवताना तिनं जलालजवळ विषय काढला. जलाल दुचाक्यांचा मेकॅनिक, घास तोंडात असतानाच म्हणाला, "करून घे ना. गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करतेत, मानसाचं काहून नाई करत?"

हेच तो दुसऱ्या दिवशी गॅरेजात बोलला आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी फिरली, की जलालची बायको डेंटिंग कराले यवतमाळले जाऊन राह्यली. शेजारीण धावत आली, "अवं कुठं धडकली व तू?" जुबैदाचा राग निराळाच होता. "हमारे जमाने में मिस्सी मल मल के दांत काले करते थे, तब कहीं दुल्हन लगती थी. तेरे को बिना मिस्सी के मिले, तो तू सफेद करने चली." एवढं बोलून यवतमाळच्या एसटीत खिडकीशी तीच आधी जाऊन बसली.

डॉक्टर जया बोलायला मावशीवर गेलेली, पण हाताला हलकी. तिनं नुजहतला आरसा धरून दाखवलं. "हे डाग वरचेवर घासून जाणारे नाहीत ताई. खोल गेलेत, वर खड्डेही पडलेत. आणि हा काळा तर मेलेलाच आहे. त्याची आधी आतून साफसफाई करू, मग वरच्या पुढच्या चारही दातांवर कॅप घालू."

नुजहतच्या आतेभावानं कॅप बसवली होती. हिरडीपाशी तिची काळी रेघ दिसायची, जुन्या भांड्याची कल्हई उडाल्यासारखी. ते तिनं सांगितलं.

"ती आत धातू असलेली. ही तशी नाही. ही सगळी सिरॅमिकची, धातूचा कणही नाही. खऱ्या दातासारखा थोडा उजेड आत घेते, म्हणून खरी वाटते. पण त्यातच एक गोम आहे. उजेड आत गेला की खालचा काळा दातही वर दिसणार. तीन ठिकाणी पातळ चालेल. या एकावर आतून जाड थर द्यायला सांगते."

"म्हंजे अस्तर."

"हो, अस्तरच की."

इथवर दोघींचं चांगलं जमलं. मग डॉक्टरनं रंगाची पट्टी काढली. बटणांचं कार्ड असतं ना, तशी. फक्त बटणांच्या जागी नकली दात, पांढऱ्याफेकपासून पिवळसरपर्यंत. नुजहतचं बोट थेट टोकाच्या दातावर गेलं.

"हा."

"हा फार पांढरा होईल ताई. तुमचे बाजूचे दात, खालचे दात..."

"मले माहीत हाय खालचे कसे हायेत. मले लट्ठ्याच्या कापडासारखा पाह्यजे. कोरा."

डॉक्टरनं वाद घातला नाही. तिला दारात उजेडाला नेलं, तो नमुना दाताला लावला आणि आरसा हातात दिला. "बोला काहीतरी."

"काय बोलू?"

एवढे दोन शब्द बोलली, पण आरशात तिला स्वतःचं तोंड दिसलंच नाही. पांढरा तुकडा तेवढा दिसला. बाकड्यावरून जुबैदाचा आवाज आला, "लट्ठा कफन को लगता, बेटा. मुंह में कायको बांधती?"

डॉक्टर खोकल्यासारखं करून हसली. नुजहतनं मुकाट्यानं पट्टी परत घेतली आणि या वेळी एकेक नमुना दाराच्या उजेडात बघत मधला एक काढला, दुधावरच्या सायीच्या रंगाचा. खालचे आणि बाजूचे डाग आपण जमतील तेवढे फिकट करू, असं डॉक्टर म्हणाली. पुढच्या खेपांत ते झालं, काळ्या दाताची आतली साफसफाईही झाली.

कॅपसाठी दात घासून बारीक करायच्या दिवशी हिरडीत सुई देऊन झाली, ओठ जडावले, डॉक्टरनं यंत्र हातात घेतलं, आणि नुजहतनं हात वर केला.

"मॅडम, थोडी माया ठेवजा."

डॉक्टरचे डोळे एकदम मऊ झाले. "ठेवीन ना ताई. अजिबात दुखणार नाही. मी मायेनंच करते."

"तशी माया नाई व. दाताची माया. पुढं सैल कराचं काम पडलं तं जागा नको का?"

शिवणीच्या बाहेर कापडाची जी पट्टी टेलर राखून ठेवतात तिला माया म्हणतात. अंगानं बाई भरली की तीच उसवून ब्लाउज मोठा होतो. हे डॉक्टरच्या ध्यानात यायला जरा वेळ लागला. आलं तेव्हा तोंडावरच्या मास्कच्या आत ती इतकी हसली, की यंत्र खाली ठेवावं लागलं. मग डोळे पुसून नीट म्हणाली, "ताई, दात पुन्हा सैल करता येत नाही. घासला तेवढा गेला. म्हणून लागेल तेवढाच घासते. चालेल ना?"

कैची चालल्यावर काय होतं हे नुजहतला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती. तिनं छताच्या पंख्याकडं बघितलं आणि तोंड उघडलं.

घासून चार खुंट राहिले. त्यांचं माप घेतलं आणि पक्क्या कॅपा बनून येईपर्यंत वर प्लास्टिकच्या तात्पुरत्या टोप्या बसवल्या. "हे कच्चे आहेत," डॉक्टर म्हणाली, "हलक्या गोंदाचे. यांनी काही तोडायचं नाही. भुट्टा नाही, बोरं नाहीत. आणि तुम्ही टेलर, दोरा तर नाहीच नाही."

"दोरा कैचीनंच तोडतो मी," नुजहत म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं वाटत होतं.

कच्चे म्हटले तरी ते सायीच्या रंगाचे होते. नुजहत घरातल्या आरशापुढून उगाच दोनदा जायची. मशीनला शिकवताना तिचा आवाज अंगणात ऐकू यायला लागला. पक्के दात मंगळवारी यायचे होते, वर्ग सोमवारी सुरू व्हायचा होता. एक दिवस कच्च्यावर काढू, त्यात काय!

रविवारी दुपारी लग्नाचा एक ब्लाउज हातावेगळा करायचा राहिला होता. शेवटचा हुक लावला, गाठ मारली, कैची कापडाखाली कुठंतरी गेलेली, आणि नुजहतची मान आपसूक खाली गेली. टक् असा आवाज आला. दोरा तुटला होता. जिभेला समोर वारं लागलं.

"या अल्ला!"

जुबैदा, जलाल, सगळे चिंध्यांच्या ढिगात. जलाल गॅरेजातलं मोठं चुंबक घेऊन आला आणि चिंध्यांवरून फिरवायला लागला. सुया निघाल्या, हुक निघाले, कधीची हरवलेली बॉबिन निघाली.

"अवो, प्लास्टिकचा हाय थो! प्लास्टिकले चुंबक लागते का?"

"हो ना व," जलाल म्हणाला, एक पाऊल मागं सरला, आणि त्याच्या टाचेखाली कट् झालं.

दात सापडला होता.

जलालनं पंक्चरचं सोल्युशन काढलं. नुजहतनं ते हिसकून घेतलं आणि डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर पुसदला लग्नात होती, मागं बँड वाजत होता. "काहीही चिकटवू नका! ऐकलं ना? काहीही नाही! मंगळवारी पक्केच बसवते. एक दिवस काढा कसा तरी."

आणि गेला होता तोही नेमका काळ्या दातावरचा. शेजारी सायीचे तीन आणि त्यांच्यामध्ये सुकलेल्या बोरासारखा काळा खुंट. आधीचा दात बरा होता, म्हणायची पाळी.

"उद्या जात नाई मी," नुजहत म्हणाली.

"नको जाऊ," जलाल म्हणाला. टाचेचं त्याच्या मनाला लागलं होतं, बिचारा समजूत काढायला गेला. "थो पुसदचा मास्तर हायेच ना. एखांद्या दिवसानं काय बिघडते?"

नुजहतनं त्याच्याकडं असं पाहिलं, की तो चुंबक घेऊन गॅरेजाकडं निघून गेला.

सोमवारी ती गेली. ओठांत टाचण्या घेऊन गेली. समाजमंदिरात सतरंजीवर पोरी दाटीवाटीनं बसलेल्या. कोणी वस्तीतल्या, कोणी मोहल्ल्यातल्या, तीन-चार तांड्यावरून आलेल्या. बेबीताईनं भाषण केलं, नुजहत मॅडम अशा अन् नुजहत मॅडम तशा, आणि दारापाशी खुर्ची टाकून बसली. नुजहतनं कागद पसरला. खडूनं रेघ मारली. बोटानं दाखवलं, इथून इथं. पोरींनी एकमेकींकडं पाहिलं. तिनं दुसरी रेघ मारली. मागून कुजबूज आली, "मॅडम मुक्या हायेत का व?" बेबीताईच्या कपाळाला आठ्या पडल्या.

पुढच्या रांगेत कोकिळा नावाची पोरगी होती, तांड्यावरची, हाताला घाई. तिनं सुई आणली होती, कापडाचा तुकडा आणला होता, मॅडम काही सांगेनात म्हणून तिनं आपलंच शिवायला घेतलं होतं. दोन टाके झाले, गाठ मारली, आणि दोरा दाताखाली धरला.

"अवं दातानं नको!"

टाचण्या फरशीवर उडाल्या. आवाज इतका मोठा, की बाहेरची कुत्री भुंकली. सगळ्या पोरींनी वर पाहिलं आणि जे दिसायचं ते सगळ्यांना एकदमच दिसलं.

नुजहतचा हात तोंडाकडं निघाला होता. पण कोकिळाच्या दातात दोरा अजून तसाच होता, आणि हात तोंडावर ठेवून त्या पोरीला पुढचं सांगता आलं नसतं.

"सोड आधी थो दोरा. सोडला? आता पाह्या सगळ्याजनी. हा समोरचा खुंटा दिसला का? काल इथं दात व्हता. दोऱ्यानं गेला. अन् नवऱ्यानं थ्याच्यावर पाय देल्ला."

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळाच हॉल हसायला लागला, आणि नुजहतला बोरिंगही सांगावं लागलं, दांडाही आणि जलालचं चुंबकही.

"मंग आता काय करान मॅडम?" कोकिळानं विचारलं.

"उद्या पक्का बसन. आज तुमाले हाच पाहनं पडते. पाह्यला? झालं पाहून समद्याइचं? मंग आता कापडाकडं पाह्या. उभा धागा कोन्ता अन् आडवा कोन्ता, सांगा बरं."

त्यानंतर ती जी बोलत सुटली ती थांबेना. उभा धागा झाला, आडवा झाला, माया किती सोडायची, कुठं सोडायची, पहिल्याच दिवशी पोरींच्या हातात कैची आली. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा बेबीताई उठून उभी राहिली. "अवं बाप्पा, उद्यासाठी ठेव काही!"

"उद्या सुट्टी हाय, ताई. उद्या यवतमाळले जानं हाय."

मंगळवारी कच्चे तीन निघाले आणि पक्के चार बसले. डॉक्टरनं आधी नुसते चढवून दारात उजेडाला नेऊन दाखवले, मग गोंद लावला. अस्तराचा दात कोणता, ते नुजहतला जिभेनं कळत होतं, डोळ्यांनी नाही. स म्हटलं की बारीक शिट्टी वाजत होती. चार दिवसांत जाईल, डॉक्टर म्हणाली. जुबैदानं तिची हनुवटी धरून तोंड या बाजूनं पाहिलं, त्या बाजूनं पाहिलं. "अच्छे हैं," ती म्हणाली, आणि मग डॉक्टरला हळूच विचारलं, की तिचे स्वतःचे दोन हलतात त्याचं काही होतं का.

बुधवारी नुजहत टाचण्यांशिवाय वर्गात गेली. ओढणी खांद्यावर. पोरींसमोर उभी राहिली, सगळ्यांना दिसावी अशी, आणि म्हणाली, "सगळ्याजनी आल्या का?" स ची शिट्टी वाजली. कोणी हसलं नाही. कोणाचं लक्षच नव्हतं. जिचं तिचं कापड, जिची तिची कैची. नुजहतनं आणखी एकदा विचारलं, जरा जास्तच तोंड उघडून.

कोकिळानं मान वर केली आणि डोळे बारीक केले. "मॅडम, आज काहीतरी येगळंच दिसून राह्यलं."

"काय?" नुजहत पुढं झाली.

"ड्रेस नवा हाय का?"

"जुनाच हाय."

"मंग येनी येगळी घातली," दुसरी म्हणाली. तिसरीचं मत पडलं, की मॅडमची आज झोप चांगली झाली असन. नुजहतला राग आला. हिरडीत सुया घेतल्या, चार दात झिजवले, एसटीनं हाडं खिळखिळी करून घेतली, आणि ह्या पोट्ट्या म्हणतात झोप!

"अवं दात पाह्या ना माहे, दात! चार हायेत, नवे!"

कैच्या खाली ठेवून पोरी उठल्या आणि तिच्याभोवती गोळा झाल्या. नुजहतनं ओठ मागं ओढून धरले. कोकिळानं कमरेवर हात ठेवून, मान वाकडी करून, अगदी जवळून पाहिलं.

"थो एक तं समजला मॅडम, सोमवारचा," ती म्हणाली. "बाकीचे तीन कोन्ते?"